पंचाक्षरी अप्पांचा आवाज

कळंब्याच्या पंचाक्षरी अप्पांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारले. व्यापारी पलीकडच्या टपरीवर चहा पीत बसलेला असला, तरी बोली कुठवर चढली ते त्याला तिथं बसून कळायचं. असा आवाज. मग गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरनं स्वरयंत्रच काढायचं सांगितलं.

त्यांचा मुलगा शशिधर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचा. ऑपरेशनच्या आधी तेरा दिवस त्यानं बापाला माईकपुढं बसवलं, दोन हजार वाक्यं वदवून घेतली आणि त्यांतनं आवाजाचा एक संच बांधला. त्या संचावरनं बोलणारा प्रोग्रॅम लिहिला. घरी आल्यावर अप्पा एका बोटानं टाइप करायचे आणि लॅपटॉप त्यांच्याच आवाजात खेकसायचा, "च्या कुठाय?"

"नरडं कापलं तरी वरडायचं काय सोडला न्हाईसा," त्यांची बायको शांतव्वा आतनं म्हणायची आणि हसत आधण ठेवायची. तिला अक्षर येत नव्हतं. पाटीवर लिहिलेलं तिच्या काय कामाचं? नवराबायकोचं बोलणं चालायचं ते त्या लॅपटॉपवर.

फेब्रुवारीत प्रोग्रॅम अडखळायला लागला. रविवारी शशिधरनं त्याची नवी आवृत्ती बनवली. प्रोग्रॅमला चालायला काय काय लागतं, ते एका यादीत लिहावं लागतं. नव्या यादीत त्यानं सगळं लिहिलं, आवाजाचा संच तेवढा लिहायचा राहिला, आणि यादीत नाही ते सिस्टीमच्या लेखी बिनकामाचं. अपडेट झाल्यावर सिस्टीमनं विचारलं, काही पॅकेजेस, म्हणजे असे संच, आता कुणालाच लागत नाहीत, काढून टाकू? कारखान्यात दिवसातनं दहादा येणारा प्रश्न. त्यानं नावं न वाचता हो म्हटलं.

अप्पांनी टाइप केलं. लॅपटॉप गप्प.

"काय झालंय रं?" शांतव्वानं विचारलं.

"कायतरी ऱ्हायलंय अव्वा. बघतो की."

त्यानं स्पीकर तपासला, प्रोग्रॅम दोनदा नव्यानं बसवला, एरर वाचत वाचत मागं गेला. शेवटी सिस्टीमची नोंद उघडली. काढून टाकलेल्यांत तिसऱ्या ओळीत त्यानंच ठेवलेलं नाव होतं, ‘अप्पा-आवाज’. मूळ रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपवर होतं, आणि तो दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिलेला. दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, "पावणं, ती मशीन कवाच फॉरमॅट मारून इकली की!" पुसलेलं परत काढून देणारा एक जण राजारामपुरीत होता. त्यानं दोन दिवस ह्या लॅपटॉपची डिस्क ठेवून घेतली आणि मान हलवत परत दिली.

शशिधरनं अप्पांना सगळं सांगितलं, स्वतःची चूक धरून. अप्पांनी खाली मान घालून ऐकलं. मग पाटी ओढली आणि लिहिलं, ‘जेवलास का?’

त्यानं इंटरनेटवरचा तयार आवाज बसवून बघितला. कुणी बाई पुस्तकी मराठीत म्हणाली, "चहा कुठे आहे?"

शांतव्वा दारातनं म्हणाली, "ही कोण भवानी ह्यांच्या तोंडातनं बोलायलीया?" कुणी हसलं नाही. अप्पांनी लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

आता अप्पा पाटीवर लिहितात आणि शशिधर आईला वाचून दाखवतो. परवा दुपारी जेवताना अप्पांनी लिहिलं, ‘शांते, अर्धी भाकरी दे.’

शशिधरनं वाचलं, "अव्वा, अर्धी भाकरी दे म्हणत्यात."

"एवढंच?"

"एवढंच की."

"माझं नाव न्हाई घेटल्यालं?"

त्यानं पाटीकडं बघितलं. "घेटलंय."

"मग वाच की नीट."

पोरानं आईला त्या नावानं हाक कशी मारायची? शशिधरनं तोंड उघडलं. ‘शां’ एवढंच निघालं. अप्पा ताटाकडं बघत बसले होते.

शांतव्वानं हातातली भाकरी मोडली, अर्धी नवऱ्याच्या ताटात ठेवली आणि पोराला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जेव तू."