दुपट्याची ऊब
वेखंडाचा वास आला की माझे हात अजून थबकतात. नव्वदच्या दशकात, पौषातल्या एका सकाळी डिंगोऱ्याहून मला फोटो काढायला बोलावणं आलं. तान्हं बाळ पहाटे गेलं होतं आणि त्याचा एकही फोटो नव्हता. घरात उजेड नव्हता, म्हणून आई त्याला मांडीवर घेऊन अंगणात बसली. धुक्यानं कॅमेऱ्याची काच सारखी ओली होत होती. पुसून पुसून माझा रुमाल भिजला. तिनं बाळावरचं दुपटं काढून पुढं केलं. "भाऊ, ह्यात गुंडाळा कॅमेरा. माझ्या लेकराला आता न्हाई वाजायची थंडी." वेखंडाच्या वासाचं ते दुपटं हाताला चांगलं ऊबदार लागलं. मी त्यात कॅमेरा गुंडाळला; बाळाला हात लावून पाहिला नाही. फोटो काढला आणि निघालो. ती ऊब आईच्या मांडीचीच होती, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय.