सात नंबरचा ताईत

युसूफ वडगावात मकसूदच्या दुकानावर पाटी नव्हती. ज्याचा रेडिओ बिघडला तो आपसूक तिथं जायचा, ज्याचा बिघडला नव्हता तो गप्पा हाणायला जायचा, मग पाटी लावायची कुणासाठी? मकसूदचा हात बरा होता, पण खरी करामत कानात होती. सेट न उघडता, नुसता कानाला लावून तो रोग सांगायचा. काम झालं की सेट गिऱ्हाइकापुढं चालू करून ठेवायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "आवाज येतोय. सेट ठीक हाय." याउपर हमी नाही, गोड बोलणं नाही. आणि खोटं तर मुळीच नाही. ईश्वरप्पा वाण्याच्या बापाच्या वेळचा मोठा सेट त्यानं कानाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाला, "मेलाय. माती द्या." ईश्वरप्पा महिनाभर बोलला नाही. पण महिन्यानं त्यानंच दुसरा सेट आणून दिला, कारण बाकीचे मेकॅनिक मेलेल्याला औषध देत बसतात हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढं गावात केबल आली. एका माडीवर मोठी छत्री उलटी बसली, घराघरात तारा गेल्या, रेडिओ माळ्यावर गेले आणि मकसूद दिवसभर चहा पीत बसू लागला. तेव्हाच, पंच्याण्णवच्या कार्तिकात, एक जीप दुकानापुढं थांबली. जीपमधून रुद्राणी मॅडम उतरल्या. पुण्याकडच्या कुठल्याशा मासे-संशोधनाच्या योजनेच्या त्या साहेब. त्यांच्या हातात पेटीएवढं यंत्र होतं आणि ते होडीत आपटून मुकं झालेलं होतं.

मकसूदनं कानाला लावलं, हलवलं, पुन्हा लावलं. "आत एका तारेचा टाका सुटलाय," म्हणाला. अर्ध्या तासात यंत्र बोलू लागलं. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला यातलं कळतं?"

"न्हाई. पण ह्ये काय ऐकतं?"

"मासे."

मकसूदनं मॅडमकडं नीट बघितलं. बाई चांगल्या घरची दिसत होती.

मग मॅडमनी समजावलं. मांजरा नदीच्या धरणात खडशी मासा आहे. मोठमोठ्या खवल्यांचा, अंगानं दांडगा. गळाला लागला तर माणसाला अर्धा अर्धा तास पाण्यात ओढतो, म्हणून शहरातले शौकीन लांबून गळ घेऊन येतात. पाऊस लागला की हा मासा धारेच्या उलट वर चढतो आणि कुठंतरी अंडी घालतो. कुठं, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून मॅडमनी अकरा खडशा धरल्या, एकेकीच्या पोटाला चीर देऊन बोटाच्या पेराएवढी डबी आत सरकवली, वर टाके घातले आणि परत पाण्यात सोडल्या. प्रत्येक डबीवर नंबर आणि तिचं स्टेशन वेगळं. यंत्राचा काटा त्या नंबरावर नेला की टक, टक, टक असा आवाज येतो. आवाज कुठून येतो त्यावरून मासा कुठं आहे ते कळतं. बॅटरी आठ महिने चालते.

"म्हंजे माशाच्या पोटात रेडिओ स्टेशन," मकसूद म्हणाला. त्याला ते लगेच पटलं. न पटायला काय झालं?

मॅडमनी त्यालाच कामावर धरलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ धरणाच्या काठानं काठीला लावलेली जाळीदार एरियल फिरवायची, कानाला इअरफोन लावायचा, आणि वहीत लिहायचं. मॅडमची अट एकच होती, ऐकू येईल तेच लिहायचं. मकसूदला ती अट सांगितल्याचाच राग आला. त्याची बायको रहिमाबी मात्र शेजारणींना सांगत सुटली, "मछली की बातां सुनते, मेरी नै सुनते."

अकरा माशांचे हळूहळू तीन उरले. काही धारेत लांब गेले, काही गळाला लागले, एक नुसताच गप्प झाला. उरलेल्यांत सात नंबरची खडशी सगळ्यांत मोठी होती. मॅडमची सगळी भिस्त तिच्यावर. मकसूदला तर तिची टकटक झोपेतही ओळखू आली असती. पाण्याखालून यायची म्हणून दबकी, घड्याळाच्या जरा मागं चालणारी.

वैशाखात एके सकाळी सात नंबर एकदम खणखणीत वाजू लागली. मकसूदनं इअरफोन काढून कान पुसला. पाण्यातला आवाज असा नसतो. मासा हवेत आल्याशिवाय एवढा मोठ्यानं बोलत नाही, आणि हवेत आलेला मासा फार दिवस मासा राहत नाही.

एरियल फिरवली. आवाज धरणाकडून नव्हता, गावाकडून होता.

एरियल खांद्यावर धरून मकसूद गावात शिरला. "कुठं बसवायचा बे टीव्ही?" असं चौघांनी विचारलं, त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. आवाज त्याला भोई आळीत घेऊन गेला, तिथून म्हाळू भोयाच्या दारात. म्हाळू जाळं टाकायला गेला होता. त्याची बायको छबुबाई भाकरी थापत होती आणि लेक मुक्ता भिंतीला टेकून बसली होती. मुक्ताला सातवा महिना होता. माहेरी आली होती ती धसका घेऊनच, कारण आधीचे दोन पोटातच गेले होते. एक पाचव्यात, एक आठव्यात.

एरियल मुक्ताकडं वळली आणि इअरफोन कानात ओरडला. तिच्या दंडावर, काळ्या दोऱ्यात, मेणकापडासारखी गुळगुळीत काळी डबी होती. डबीचं तारेचं शेपूट दंडाभोवती चार वेढे घेऊन बसलं होतं.

छबुबाईनं हात पुसले. "बरं झालं आलाव, मकसूदभाई. तुमालाच बोलावणार होते. तुमच्यातलाच ताईत हाय की नाय? माशाच्या पोटातून निघाला बघा! जाळ्यात मासा मरूनच आलता, चिरला तर आत ह्यो. वर सात लिव्हलंय. आन् हिला सातवाच महिना. आता ह्याच्यापरीस देवानं अजून काय सांगावं? आत काय लिव्हलंय तेवढं वाचून दाखवा."

मकसूद दारातच उभा राहिला. मेणकापडात गुंडाळलेला, काळ्या दोऱ्याचा, नंबर घातलेला. सांगायचं तर ताईताचं वर्णन ते हेच. लहानपणी अम्मीनं आपल्यालाही असलाच बांधला होता, हे त्याला आठवलं. आणि सात नंबरची खडशी यांनी कालच कालवण करून खाल्ली, हेही त्याला कळून चुकलं.

"ह्ये वाचायचं नसतंय," तो म्हणाला. "ऐकायचं असतंय."

एवढंच बोलून थांबला असता तर पुढची कटकट टळली असती. पण त्यानं इअरफोनची पिन उपसली आणि यंत्र मोठ्यानं वाजू लागलं. टक, टक, टक. छबुबाईनं पदर डोक्यावर घेतला. मुक्ता दंडाकडं बघत राहिली, मग तिनं हळूच दुसरा हात पोटावर ठेवला.

"मामू, ह्ये कसलं?" तिनं विचारलं. "समदं ठीक हाय ना?"

आणि मकसूदच्या तोंडून, वीस वर्षांच्या सवयीनं, जे निघायचं तेच निघालं. "आवाज येतोय. सेट ठीक हाय."

तो यंत्राविषयी बोलला होता. पण ते कुणाला कळणार? मुक्ता हसली. या घरात कितीतरी महिन्यांत कुणी हसलं नव्हतं, आणि छबुबाई तर भाकरी तव्यावर सोडून रडायलाच लागली.

संध्याकाळी मकसूदनं वहीत लिहिलं, "सात नंबर : आवाज स्पष्ट. जागा : युसूफ वडगाव, भोई आळी." आठवड्यानं मॅडम आल्या, वही वाचली आणि चष्मा काढून पुन्हा वाचली. मकसूद त्यांना म्हाळूच्या घरी घेऊन गेला. डबी सरकारी होती, ती परत घेणं नियमात होतं. मॅडमनी हात पुढं केला, तसा मुक्तानं तळहात दंडावर झाकला. मॅडमनी तिचं पोट बघितलं, हात मागं घेतला, पाणी मागितलं आणि पिऊन बाहेर आल्या.

"डबी परत मिळाली नाही, असं लिहा," त्या म्हणाल्या.

"मिळाली न्हाई कसं लिव्हू? मिळालीय. मुक्ताच्या दंडाला हाय."

मॅडमनी त्याच्या हातातली वही घेतली आणि स्वतःच लिहिलं, "डबी चालू. नोंदी पुढे चालू ठेवाव्यात." मग जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या, "मकसूदभाई, बॅटरी आषाढात संपेल. तिचे दिवस कधी भरतायत?"

"आषाढाच्या शेवटाला."

मॅडमनी दार ओढलं, जीप निघाली, आणि मकसूद बोटांवर महिने मोजू लागला. आठ महिने म्हणजे आठ महिने, बॅटरीला काय कुणाची दया असते?

तेव्हापासून मुक्ता रोज दुपारी दुकानात येऊ लागली. स्टुलावर बसायची, इअरफोन कानाला लावायची, शंभरपर्यंत टकटक मोजायची आणि उठून जायची. पोराची हालचाल मंदावली की लवकर यायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरीण बाईंनी सगळं ठीक असल्याचं दोनदा सांगितलं होतं. "त्यांनी आधीच्या बारीलाबी ठीकच सांगितलतं," मुक्ता म्हणायची. तिचा भरवसा एकाच ठिकाणी होता. मकसूदला ते दुपारी गोड वाटायचं आणि संध्याकाळी त्याचीच धास्ती वाटायची. आपण काय बोलून बसलो, अन् कुणाच्या जिवावर! जीभ का नाही झडली, असं तो रहिमाबीजवळ चारदा म्हणाला. रहिमाबीनं पहिल्यांदाच टोमणा न मारता चहा पुढं सरकवला.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात टकटक रेंगाळू लागली. मग एका सकाळी मकसूदनं काटा सातवर नेला, आणि नुसती खरखर. काटा मागं नेला, पुढं नेला. यंत्र बडवलं. खरखर. वहीत त्यानं लिहिलं, "सात नंबर : आवाज बंद." अक्षर वाकडं आलं. दुपार व्हायला तीन तास होते.

आता जो कुणी रेडिओ उघडून बसलाय त्याला एक गोष्ट माहीत असते. सेटच्या आत एक ठरावीक टोक असतं. त्याला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं की कानात 'टक' असा आवाज होतो. सेट मेलाय की जिवंत आहे, हे मेकॅनिक असंच बघतात. मकसूदनं यंत्राचं मागचं झाकण उघडलं, यंत्र मांडीवर घेतलं, वरून टेबलाची फळी ओढली.

मुक्ता आली. बसली. इअरफोन लावला. फळीखाली मकसूदनं सुरू केलं. टक. टक. टक. घड्याळाच्या जरा मागं. आयुष्यात पहिल्यांदा तो मेलेल्याला जिवंत म्हणून विकत होता.

नेमका तेव्हाच ईश्वरप्पा सेल घ्यायला आला. "अरे, सेल दे की. हात कुठं घातलायस? खाजवतोयस काय?"

"हां," मकसूद म्हणाला.

"एवढा वेळ?"

"लई खाजतंय."

मुक्तानं शंभर मोजले, इअरफोन ठेवला आणि गेली. ईश्वरप्पानं गावभर सांगितलं की मकसूदला खरूज झालीय. दोन दिवस त्याच्या दुकानातला चहा कुणी प्यायला नाही.

असं सतरा दिवस चाललं. रोज सकाळी वहीत "आवाज बंद" आणि रोज दुपारी फळीखाली शंभर टक. मनगट धरायचं, बोटं बधिर व्हायची. घड्याळाकडं बघून टकटक बरोबर यायची नाही म्हणून तो डोळे मिटून मारायचा, मेलेल्या खडशीला आठवून. अठराव्या दिवशी मुक्ता आली नाही. म्हाळूचा निरोप आला की कळा सुरू झाल्या, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलंय. मकसूदनं दुकान बंद केलं आणि घरी जाऊन बसला. नमाजला उभा राहिला तरी उजवा अंगठा आपोआप हलत होता.

दुसऱ्या दिवशी छबुबाईनं पेढे धाडले. मुलगी झाली होती. मकसूदनं पेढा हातात धरला आणि दारात, चारचौघांत, खुळ्यासारखा रडला. लोक म्हणाले, खरूज लई वाढली वाटतं.

सव्वा महिन्यानं मुक्ता सासरी निघाली. जाताना दुकानात आली. पोर एका हातावर, दुसऱ्या हातानं तिनं दंडाचा काळा दोरा सोडला आणि डबी टेबलावर ठेवली. "घ्या मामू. मॅडमचा माल हाय, त्यांला देऊन टाका."

"ताईत ऱ्हाऊ दे की तुला."

"बंद पडलाय की त्यो." मुक्तानं त्याच्याकडं बघितलं. "लई दिस झालं."

मकसूदनं फळीवरून हात काढला. "तुला... कदी कळलं?"

"पयल्याच दिशी. ईश्वरप्पा आला, तुमी त्येच्याकडं बघितलं आन् एक टक चुकला. ताईत असा चुकत न्हाई, मामू. माणूस चुकतंय."

"मग रोज एवढ्या चिखलातून येत होतीस कावून?"

मुक्तानं पोरीचं टोपडं सारखं केलं. "पयल्या दोन बारीला आमच्या घरचे समदे मान खाली घालून बसलते. ह्या बारीला एक माणूस रोज दुपारी माझ्यासाठी हात दुखवून घेतोय, म्हणल्यावर म्या कशी खचू? ताईताला न्हाई आले मामू. तुमची टकटक ऐकायला आले."

मकसूदनं डबी उचलली, कानाला लावली, उगाचच. मग खाली ठेवली. तेवढ्यात पोरगी जागी झाली आणि काय गळा तिचा, समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. मुक्ता तिला जोजवत म्हणाली, "बघा की, कशी वराडतिया!"

मकसूदनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "आवाज येतोय," तो म्हणाला. "सेट ठीक हाय."