त्या नदीचा नसलेला सॅमन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीत पिंजरे लावून सॅमन पाळणाऱ्या एका कंपनीने तिथल्या एका गावाला फसवलं. ऑगस्टच्या वादळात त्यांचं एक जाळं फाटलं. सुटलेले सगळे मासे परत पकडले, नदीत एकही शिरला नाही, असं त्यांनी गावाला लिहून दिलं. ते खोटं होतं. मी हे ऐकीव सांगत नाही. त्यांतला एक मासा सप्टेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी माझ्या दोन्ही हातांत होता.

कंपनीचं आणि नदीचं नाव मी इथे लिहीत नाही. माझी मुलगी सई केंब्रिजला संशोधन करते. ती म्हणाली, "बाबा, आधी लॅबचा रिझल्ट येऊ दे, मग नावं घ्या." ठीक आहे, थांबतो. पण तो दिवस कसा गेला हे सांगायला मला कोणाची परवानगी नको.

मी मूळचा रेवदंड्याचा. लेस्टरला येऊन बत्तीस वर्षं झाली. पहिली चार वर्षं दुसऱ्याच्या मासळीच्या दुकानात बर्फ फोडला, मग स्वतःचं दुकान टाकलं. पहाटे घाऊक बाजारात मी शिरलो की दोन-तीन व्यापारी चहाला निघून जातात, इतकी माझ्या घासाघिशीची ख्याती आहे. साठावं लागलं तेव्हा सईने ही सहल भेट दिली: वाटाड्यासोबत पूर्ण दिवस सॅमनची मासेमारी. सकाळी नदी, दुपारी समुद्र, संध्याकाळी पुन्हा नदी.

मी चिडलोच. "अगं, आयुष्यभर मासे विकले, आता सुट्टीतही मासेच का?" त्यात शनिवार. मासळीच्या दुकानदाराला शनिवारी बाहेर काढणं म्हणजे भटजीला लग्नसराईत सुट्टीवर पाठवणं. पण रविवारी तिथे सॅमनची मासेमारी कायद्यानेच बंद असते. शेवटी दुकान बायकोच्या हवाली केलं आणि शुक्रवारी निघालो. ग्लासगोपर्यंत ट्रेन, पुढे भाड्याची गाडी, चालवायला सई.

शेवटचे चाळीस मैल रस्ता एकाच गाडीपुरता होता. मधेमधे पासिंग प्लेस (समोरच्याला वाट द्यायला थांबण्याची जागा) येते, तिथे जो आधी पोचेल तो थांबतो, आणि जाणारा हात वर करून आभार मानतो. मी म्हटलं, "आपण कशाला थांबायचं? त्याला थांबू दे." सई म्हणाली, "बाबा, प्लीज. इथे बार्गेन नाही करायचं." डोंगर उघडे होते, झाड नाही, घर नाही, ढगांच्या सावल्या त्यांच्या अंगावरून शांतपणे सरकत होत्या. दहा मिनिटांनी मी पण हात वर करायला लागलो.

सकाळी सात वाजता नदीकाठी कॅलम भेटला. तो गिली आहे (मासेमारीला सोबत करणारा, नदीचा जाणकार). माझ्याच वयाचा, हाडाने रुंद, बोलायला काटकसरी. त्याचे वडील आणि आजोबाही याच नदीवर गिली होते. त्याने आम्हाला छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवल्या आणि नियम सांगितला: मिळालेला प्रत्येक सॅमन परत पाण्यात सोडायचा.

"प्रत्येक म्हणजे?" मी विचारलं. मी तर रिकामी थंड पेटी घेऊन आलो होतो.

"प्रत्येक."

"दोन मिळाले तर एक माझा."

"एकही नाही."

"बरं, मरायला टेकलेला असला तर?"

"तर तो नदीत मरेल."

"आणि पाच मिळाले तर?"

कॅलम पहिल्यांदाच हसला. "पाच? यंदा अख्ख्या मोसमात मला पाच दिसलेले नाहीत."

"मग लोक इथे येतात कशाला?"

"दुपारपर्यंत कळेल. नाही कळलं तर भांडू."

असा माणूस मला आवडतो. पण राग गेला नव्हता.

त्याने लगेच गळ टाकूच दिला नाही. आधी पाऊण तास चालवत वर नेलं. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. डोंगरावर पीट असतं (कुजून दबलेल्या शेवाळाची काळी माती), त्याचा हा रंग. वर एक धबधबा होता, दीड पुरुष उंच. कॅलमने बोट ओठांवर ठेवलं आणि आम्ही एका खडकावर बसलो. चिलटं कानांत शिरत होती. मी तोंड उघडणार इतक्यात पाणी फुटलं आणि एक सॅमन हवेत उभा राहिला.

उभा राहिला असंच म्हणावं लागेल. माझ्या हाताएवढा लांब, कडेने तांब्यासारखा, शेपूट अजून फडफडतंय. तो खडकावर आपटला आणि खाली गेला. मला वाटलं मेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा आपटला. आपटण्याचा आवाज पाण्याच्या गर्जनेतूनही ऐकू येत होता. तिसऱ्यांदा तो धारेच्या आतच शिरला, कोसळत्या पाण्यातून वर पोहला, काठावर क्षणभर थरथरला आणि पलीकडे गेला.

बत्तीस वर्षांत किती सॅमन कापले याला गणती नाही. स्वतःच्या मर्जीने हलणारा सॅमन मी पहिल्यांदा पाहत होतो. सईने माझ्या दंडाला धरलं होतं, का मी तिच्या, आठवत नाही.

परत उतरताना कॅलमने सांगितलं ते असं. हा मासा इथेच वरच्या वाळूगोट्यांत जन्मला. बोटाएवढा असताना समुद्रात गेला, पार ग्रीनलंडच्या बाजूला. तिथे मोठा झाला आणि वासावरून हीच नदी शोधत परत आला. अंडी घालायला येतो. आणि गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो. महिनोन्‌महिने काही खात नाही.

"मग गळाला कशाला लागतो?" मी विचारलं.

"रागाने." कॅलमने पिसांची रंगीत माशी गळाला बांधत म्हटलं. "हे त्याच्या नाकासमोरून नाचवायचं. तो दुर्लक्ष करतो, करतो, करतो. मग एकदा डोकं फिरतं."

सई खो खो हसली. "बाबा, हा तर आपल्या फॅमिलीतला आहे!"

सकाळभर मी गळ फेकला. लांबलचक काठी, दोन्ही हातांनी मागे न्यायची, दोरीचा पाण्यावर फास घालायचा आणि पुढे सोडायचं. कॅलमची दोरी झोपाळ्यासारखी जायची. माझी माझ्याच टोपीत अडकली, मग एका झुडपात, मग कॅलमच्या बाहीत. "सॅमन तिकडे आहे," तो म्हणाला, "मी इकडे." सॅमन लागला नाही.

दुपारी त्याच्या होडीतून समुद्रात गेलो. समुद्र म्हणजे आधी लॉख (डोंगरांत खोल शिरलेली खाडी) आणि मग उघडं पाणी. गॅनेट नावाचे पांढरे पक्षी उंचावरून पंख मिटून सुरीसारखे पाण्यात घुसत होते. जिथे ते घुसले तिथे कॅलमने दोरी सोडायला सांगितली आणि दोन मिनिटांत पाच मॅकरेल आले. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड देशातला चुलतभाऊ. हे ठेवायला परवानगी होती. होडीतच छोटा स्टोव्ह होता. मी खिशातून मसाल्याची पुडी काढली.

"हे तू नेहमी खिशात ठेवतोस?" कॅलमने विचारलं.

"तू सुरी ठेवतोस ना? तसंच."

त्याने दोन खाल्ले, डोळे पुसले, आणि तिसऱ्याकडे हात नेला.

परतीच्या वाटेवर लॉखमध्ये पिंजरे लागले. पाण्यावर काळी गोल कडी, वरून जाळी, आत मासे गोल गोल फिरत मधेच उडी मारणारे. कॅलमने इंजिन मंद केलं. ऑगस्टमधल्या वादळाची आणि त्या पत्राची गोष्ट त्याने तिथे सांगितली. "त्यांनी लिहिलंय एकही नाही. मी मानायचं ठरवलंय. न मानून काय करू?"

"पण मासे नदीत गेले तर बिघडतं काय?" मी विचारलं.

उत्तर सईने दिलं. पिंजऱ्यातले मासे लवकर जाड व्हावेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले असतात. ते नदीतल्या माशांशी जुळले की पिल्लं ना धड समुद्रात टिकतात, ना धड परत येतात. "आधीच इथे सॅमन थोडा आहे, बाबा. असं झालं की सगळी नदी संपते."

त्या लॉखमधल्या सॅमनच्या पेट्या आठवड्यातून दोनदा माझ्या दुकानात येतात. लेबलवर गावाचं नाव असतं. वाचलं होतं, बघितलं नव्हतं. कॅलमला हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी भरतीबरोबर नदीच्या मुखाजवळच्या डोहावर उभे राहिलो. सूर्य डोंगराच्या कडेला होता, पाणी पितळेसारखं झालं होतं. मी कमरेपर्यंत आत. सकाळपासून पहिल्यांदा माझी दोरी सरळ गेली, आणि कॅलमने "हं" म्हटलं. तेवढ्यात ती थांबली. मला वाटलं दगड. मग दगड चालायला लागला.

"सोड! दोरी सोड! ओढू नको!" कॅलम काठावरून पाण्यात धावला. "भांडू नको त्याच्याशी!"

मासा डोहाच्या टोकाला गेला, वळला, पाण्याबाहेर आला. सई किंचाळली. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी कॅलमने जाळं खाली घालून त्याला अलगद उचललं, पण पाण्यातच ठेवलं. "हात ओले कर. मग धर. पोटाखालून." त्याचा आवाज कापरा होता.

मी धरला. अंग थंड, जड, जिवंत. मला रडू येईल असं वाटलं. सई फोन धरून म्हणत होती, "बाबा, इकडे बघा, स्माईल!"

तेव्हा माझ्या बोटाला त्याचा पर लागला. छातीजवळचा. आखूड, कडेला जाडसर. मी दुसरा चाचपला. तसाच. पाठीवरचा पर पानाचा कोपरा दुमडावा तसा वाकडा. शेपटीची टोकं झिजून गोल. पिंजऱ्यात मासे एकमेकांना आणि जाळ्याला घासत राहतात, त्याने असं होतं. रोज पहाटे बर्फातून हेच पर माझ्या बोटांखालून जातात. डोळे बांधले तरी ओळखेन.

मी बोललो नसतो तर एवढंच करायचं होतं: हसायचं आणि हात उघडायचे. फोटो दुकानात लागला असता. सईची भेट गोड झाली असती. आणि मासा वर, त्या धबधब्याकडे गेला असता.

"कॅलम," मी म्हणालो, "हा तुझा नाही. हा माझ्या दुकानातला आहे. त्या लॉखमधले मासे मी विकतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "जाळ्यात आला तेव्हाच दिसलं मला," तो म्हणाला. "नसेल, नसेल, असं स्वतःला सांगत होतो."

पळालेला पिंजऱ्यातला मासा परत सोडायचा नसतो. कॅलमने खिशातून छोटा लाकडी दांडका काढला आणि एका घावात काम संपवलं. सुरीने लॅबसाठी थोडे खवले खरवडून कागदी पाकिटात भरले, वर तारीख आणि डोहाचं नाव लिहिलं. मग म्हणाला, "पोट उघडायला हवं. तू कर. तुझा हात चांगला."

मी एका सपाट दगडावर पोट फाडलं. आत गाबोळी होती. अंड्यांचे दोन भरगच्च केशरी पट्टे. मादी होती ती, आणि तयार.

कॅलम दगडावर खाली बसला. एवढा मोठा माणूस असा बसताना मी पाहिलेला नाही. "ही एकटी आली असेल?" त्याने विचारलं. मला नाही, सईला नाही, कोणालाच नाही.

मी तापलो होतो. "चल, आत्ता जाऊ त्यांच्या ऑफिसात. मी बोलतो."

"शनिवार आहे," कॅलम म्हणाला. "आणि मी लिहिलं की ते लिहितात. त्यांच्याकडे लिहिणारी माणसं खूप आहेत."

मासा आम्ही आणला नाही. तपासणीसाठी तो अख्खाच कॅलमच्या फ्रीझरमध्ये गेला. निघताना त्याने माझा हात हातात घेतला. "तू बोललास," एवढंच म्हणाला. मग सईला म्हणाला, "पुढच्या वर्षी याला घेऊन ये. अजून फेकता येत नाही."

रविवारी ट्रेनमध्ये सई खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि मला तो धबधब्यावरचा मासा दिसत राहिला, तिसऱ्यांदा चढणारा. जगात असं काही आहे आणि मी त्याचं नाव रोज पाटीवर लिहितो, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

सोमवारी पुरवठादाराला फोन करून त्या लॉखमधल्या पेट्या बंद केल्या. तो म्हणाला, "दत्ताभाई, दोन-चार मासे सुटले त्यात एवढं काय?" जे म्हणालो ते छापण्यासारखं नाही. इतकी वर्षं न विचारता माल घेतला, ही माझी चूक. तिचा जबाब मी कॅलमला समोरासमोर दिला आहे.

आता दुसऱ्याची पाळी. फाटलेल्या जाळ्यात किती मासे उरले हे कोणीतरी मोजलं. किती कमी भरले हे त्याला माहीत होतं. तरी "एकही नाही" असं लिहून त्याने खाली सही केली. त्या माणसाने रबरी विजार चढवून त्या डोहात कॅलमसमोर उभं राहावं आणि लेखी नाही, तोंडाने सांगावं: बाकीचे मासे कुठे आहेत?