नखाची खूण

मामांच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं अर्धं पेर वाढलेलं असे. बाकीची नऊ नखं मुळापासून कापलेली. सगळे गाडीवाले त्यांना मामाच म्हणत. महाडला हायवेलगतच्या त्यांच्या टपरीवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा माणूस काही करणी-बिरणी करतो की काय, अशी शंका मला आली होती. पण ते नख होतं रबर तपासायला. गाडीच्या दाराचं आणि काचेचं रबर, एवढंच मामा विकत आणि बसवत. नवा माल आला की त्यात नख रुतवायचे, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि बोट उचलायचे. पडलेली खळी भरून आली तर माल ठेवायचा, खूण राहिली तर आल्या पावली परत पाठवायचा. "दाबल्यावर उठलं पायजे," म्हणायचे. "नाय उठलं तर ते मेलेलं रबर."

महाडहून किराणा भरून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या दुकानांना पोचवायचा, हा माझा धंदा. माझी पिकअप तेव्हाच सतरा-अठरा वर्षांची झाली होती. पावसाळ्यात दोन्ही दारांतून पाणी, उन्हाळ्यात धूळ आणि बारा महिने धूर. जुनं रबर काढून मी मामांपुढे टाकलं आणि म्हटलं, "याच मापाचं द्या." मामा माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "अरे, हे आखडलेलं हाय. माप दाराचं घ्यायचं, रबराचं नाय." मग गुडघे टेकून त्यांनी सगळी चौकट सुतळीनं मापली आणि वर बोटभर जास्त कापलं. ताणून बसवलेलं रबर महिन्या-दोन महिन्यांत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

काम झालं की मामा स्वतः केबिनमध्ये बसत, काचा वर करून घेत आणि गाडीवाल्याला टपावर बादलीनं पाणी ओतायला लावत. बाहेर आपण घामाघूम, आत हे स्वस्थ. मनासारखं असलं तर नखानं काचेवर दोनदा टकटक करत. नसलं तर मुकाट्यानं बाहेर येऊन सगळं रबर पुन्हा उचकटत. एका घाईतल्या गाडीवाल्यानं "राहू दे हो, एवढ्याशा फटीनं काय होतंय?" असं म्हटलं, तेव्हा मामांना चढलेला राग मी पाहिला आहे. "फटीतनं काय येतं ते मला इचार!" एवढंच बोलले आणि खोकत खाली बसले. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. तिथून ते छाती खराब करून घेऊन बाहेर पडले आणि मग ही टपरी टाकली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या डाव्या दाराचं रबर फाटलं. मामांनी नवं कापून दिलं, पण त्या आठवड्यात त्यांना उभं राहवत नव्हतं. "दोन दिस थांब, मी लावतो," म्हणाले. मला कसला धीर! लग्नसराईचा माल पोचवायचा होता. मी लावतो म्हणालो. त्यांनी माझं मनगट धरलं. "साबणाच्या पाण्यानं सरकव. तेल नाय, ग्रीस नाय, डिझेल तर नायच. डिझेल रबराला खातं."

घरी साबणाचा फेस करून बसलो. तीन बाजू बसल्या, खालचा कोपरा काही केल्या बसेना. अर्धा तास झटापट केली आणि शेवटी डिझेलचा बोळा फिरवला. रबर लोण्यासारखं आत गेलं. मी स्वतःवर खूश. पुढे मामांनी विचारलं, "बसलं?" म्हटलं, "झकास." पाणी ओतून बघूया म्हणाले, तर मला वेळ नाही म्हणून सांगितलं.

थंडी सुरू झाली तशी मामांची छाती आणखी बिघडली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. रुग्णवाहिकेला त्यांनी साफ नकार दिला. "आडवा होऊन नाय जायचा मी. बसून जाणार. ह्याच्या गाडीला माझं रबर हाय, ह्याच्याच गाडीतनं जाणार." मी मान डोलावली. खरं सांगतो, तो डिझेलचा बोळा मला तेव्हा आठवलासुद्धा नाही.

मध्ये मामी बसल्या, डाव्या खिडकीशी मामा. माणगावला वाहनं तुंबली आणि एक ट्रक आमच्या डाव्या अंगाला धूर ओकत उभा राहिला. काचा बंद होत्या, तरी धूर आत येऊ लागला. मामांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. मामी पाठ चोळत होत्या. खोकता खोकताच मामांनी दाराचा खालचा कोपरा चाचपला. रबर फुगून खाचेतून सुटलं होतं. त्यांनी नख रुतवलं. दहा आकडे मोजण्याइतका दम नव्हता, तरी ते थांबले. खूण तशीच राहिली. मग त्यांनी अंगठा नाकाशी नेला.

"डिझेल?"

"हो, मामा."

मला वाटलं, शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि नखानं ढोसून ढोसून त्या फटीत भरला. "पुढं बघ, गाडी चालव," म्हणाले. मुंबईपर्यंत त्यांचा हात त्या पंच्यावरच होता. मला माझी लाज वाटत होती, आजही वाटते.

इस्पितळाच्या दारात त्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवलं. आत नेताना त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. "परत न्यायला येशील तवा रबर बदलून ये."

मी बदललं. मामींनी दिलेल्या किल्लीनं टपरी उघडली, रबराला नख लावलं, दहा मोजले. साबणाच्या पाण्यात हात सुरकुतेपर्यंत त्या एका कोपऱ्याशी बसलो. शेजारच्या पंक्चरवाल्याला पाणी ओतायला लावून स्वतः आत बसलो. थेंब आला नाही.

नवव्या दिवशी इस्पितळातून फोन आला, मामा गेले. डॉक्टर म्हणाले, छाती कारखान्यातच संपली होती. मामींनीही तेच समजावलं. मला ते पटत नाही.

मामा परत आले ते रुग्णवाहिकेतून, आडवे. मागे माझी पिकअप आणि डाव्या खिडकीशी, मामांच्या जागेवर, मामी. माणगावला पुन्हा वाहनं तुंबली, पुन्हा चारी बाजूंनी ट्रक. मामींनी दाराच्या कोपऱ्यावरून हात फिरवला.

"आता अजाबात धूर येत नाय रे," त्या म्हणाल्या.

मला ते ऐकवेना. मी माझ्या बाजूची काच खाली केली.