हमीदाभाभींचा बर्फ

कुवेतमध्ये दोन गोष्टी कितीही आवरा, साठतातच: खिडकीच्या फटीतली धूळ आणि शुक्रवारच्या जेवणातले किस्से! धूळ निदान पुसता येते. किस्से मात्र दर शुक्रवारी थोडे फुगून परत येतात. म्हणून आमच्या बर्फाच्या ट्रिपचे किस्से आणखी फुगायच्या आत सांगून टाकते.

फिंतासच्या आमच्या बिल्डिंगमधून दोन घरं निघाली. एक आमचं: मी बँकेत, नवरा सुनील आयटीत, आणि लेक ईरा, जिला मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर येतं. दुसरं समोरच्या फ्लॅटमधलं: इब्राहिमभाई आणि हमीदाभाभी, मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंचं फहाहीलला कपड्यांचं दुकान. लग्न ठरताना त्यांनी भाभींना बर्फ दाखवायचं कबूल केलं होतं. त्यांची मुलगी मोठी होऊन सासरी गेली, तरी दुकान काही बंद होईना!

शेवटी ईदची खरेदी उरकली, दुकानात गिऱ्हाईक नाही, हे बघून भाभींनी भाईंना अल्माटीच्या विमानात कोंबलं. शहराच्या डोक्यावरच डोंगर, डोंगरात एक महागडं, शांत स्की रिसॉर्ट. भाभींची अट एकच: "ह्यांनी माझ्याबरोबर पार टोकापर्यंत यायचं. एकटीनं बर्फ बघायचा असता तर फ्रीज उघडला नसता?"

*

सामानाच्या वजनाचा प्रश्न आम्ही मराठी पद्धतीनं सोडवला. बॅगा भरल्या खाण्यानं आणि गरम कपडे घातले अंगावर! कुवेत एअरपोर्टवर बाहेर मार्चमध्येच ऊन पेटलेलं, आणि आमची वरात टोप्या-मफलरसकट. सुनीलच्या नाकावरून घाम टपटपत होता.

सिक्युरिटीवाल्याला दया आली. "भाईसाब, बुखार है क्या?"

"नहीं," सुनील म्हणाला, "बॅग में चकली है!"

*

रिसॉर्ट इतकं शांत की लॉबीत चमचा पडला तरी माणसं माफी मागायची. रूमवर पोचल्या पोचल्या सुनील कुवेतच्या सवयीनं एसीचा रिमोट शोधायला लागला. गादीखाली शोधला, बाथरूममध्ये शोधला. मग रिसेप्शनला फोन. "एसी काम करत नाहीये."

पलीकडच्या मुलीनं आधी रूम नंबर विचारला. मग म्हणाली, "सर, खिडकी उघडून बघा ना."

*

दुपारी भाभींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी काढली. थंडीनं भाकऱ्यांचे पार पापड झालेले. रूममध्ये इस्त्री होती. आता इस्त्री असताना माणूस काय करील? भाकरीवर स्वच्छ टॉवेल, टॉवेलवर इस्त्री. जवळ्याचा वास कॉरिडॉरभर!

दारावर टकटक. मॅनेजर! सुटाबुटातला, अत्यंत सभ्य. त्यानं इस्त्रीकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, नाक जरा मुरडलं. मी मनात म्हटलं, झालं, आता बोऱ्या-बिस्तरा गुंडाळा.

भाभींनी शांतपणे एक तुकडा चटणीत बुडवून त्याच्यापुढे धरला. त्यानं खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण पठ्ठ्या हसला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला रूममध्ये मॅनेजरचा फोन. "मॅडम, आज आणखी एक इस्त्री पाठवू का?"

*

माझं स्कीइंग लवकर आटोपलं. लहान मुलांच्या उतारावर मला उभं केलं, आणि मी निघाले ती थांबेचना! मागून ईरा ओरडतेय, "आई, जस्ट बेंड युअर नीज!" अगं बाई, माझे गुडघे वाकत असते तर मी कमोड बसवला असता का?

थेट खालच्या कॅफेच्या अंगणात पोचले. एक रिकामी खुर्ची दिसली, ती धरली आणि बसले. वेटर मेनूकार्ड घेऊन आला. "चहा," मी म्हणाले, जणू त्याचसाठी आले होते.

*

या सगळ्यात इब्राहिमभाई कुठे? लॉबीत! भाभींनी बूट चढवले की भाईंच्या कानाला फोन. "हां, बोला बोला, माल आला काय?" भाभी बिचाऱ्या खालच्या बर्फात फिरून परत यायच्या. वर एकट्या जायला तयार नव्हत्या, आणि चिडायच्याही नाहीत. मला मात्र भाईंचा असा राग आला होता!

शेवटच्या दिवशीही तेच. "हां, बोला बोला..." भाई बोलतायत, आणि कानाला लावलेला तोच फोन खणखणून वाजला.

ईरा म्हणाली, "अंकल, यू वेअर टॉकिंग टू नोबडी!"

भाई कानापर्यंत लाल. खिडकीतून डोंगरावर चढणाऱ्या रोपवेच्या पाळण्यांकडे बोट करून पुटपुटले, "गो हमीदा, मी दर्याचा माणूस. खाली पाणी असलं तर पडायची भीती नाय. इथं खाली नुसती झाडं!"

भाभींनी ऐकलं. खाली बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. "ऱ्हावदे. चला, चहा पिऊ."

भाई भाभींच्या हातांकडे बघत राहिले. मग उठले, टोपी नाकापर्यंत ओढली. "बांध त्या नाड्या. नि माझा हात सोडू नको."

*

पाळण्यात भाई सीटवर बसलेच नाहीत. खाली फतकल मारून, डोळे गच्च मिटून, एका हातात भाभींचा हात, दुसऱ्या हातात सुनीलचा पाय. भाभी त्यांना गुंतवून ठेवायला बोलत होत्या. "ईदला कुठले अबाया जास्त खपले? काळे की निळे?" भाई एकेक शब्द उच्चारत होते, तोंडातल्या तोंडात दुआही चालू होती.

दार उघडलं. भाभी बाहेर पडल्या आणि लहान पोरीसारख्या बर्फात बसकण मारून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. भाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. भाभींच्या शेजारी जाऊन बसले. मूठभर बर्फ उचलून बघितला. "चांगला आहे गो," म्हणाले. भाभींनी तो त्यांच्या मानेत घातला, आणि भाईंनी असा आवाज काढला की रिसॉर्टची सगळी शांतता तिथेच संपली!

खूप वेळानं शिट्टी झाली. शेवटचे पाळणे सुटणार होते.

"उठा," भाभी म्हणाल्या.

भाईंनी वाकून खाली दरीकडे बघितलं आणि शेजारचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी नाय येत. तू जा, दुकान सांभाळ!"