तहकूब व्याहीभोजन

माझ्या जठराचा मोठा भाग सांगलीच्या एका शस्त्रक्रियागृहात कायमचा राहिला, हे कळले की लोक हळहळतात. त्या हळहळीला माझी पहिल्यापासून हरकत आहे. जो गेला तो माझ्या देहातला सर्वांत उपद्रवी भाडेकरू होता. त्याला बेदखल करण्याचा हुकूम फार आधीच व्हायला हवा होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा साताऱ्यात दिवाणी न्यायालयाचा नाझर होतो. हुकूम झाला की त्याची बजावणी करून घेणे हे माझे काम. कायदा मी पुस्तकात वाचला तसा अंगातही मुरवला होता, आणि अन्याय दिसला की संध्याकाळी टेबलाशी बसून पत्र लिहीत असे. वजनही त्याच निष्ठेने वाढवले होते. एकदा स्टँडवरून घरी जाताना टांगेवाल्याने माझ्याकडे दोन सवाऱ्यांचे भाडे मागितले. मी टांग्यातून उतरलो, चालत घरी गेलो आणि एका स्थानिक साप्ताहिकाला सविस्तर पत्र लिहिले, की सवारी म्हणजे इसम, त्या इसमाचे आकारमान नव्हे. पत्र पहिल्या पानावर छापून आले. त्यामुळे ज्या टांगेवाल्यांनी मला पाहिले नव्हते, त्यांनाही माझे आकारमान कळले.

पोटात आग पडणे मला नवीन नव्हते. पण एके दिवशी भर न्यायालयात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोन बेलिफांनी मिळूनही मला खुर्चीपर्यंत नेता येईना. सांगलीच्या सर्जननी तपासून सांगितले, की अल्सर जुना आहे, रक्त जाऊन गेले आहे, आता थांबले आहे, परंतु परत सुरू होईल. जठर कापावे लागेल.

"पण या चरबीतून वाट काढणे मला अवघड आहे. आधी थोडे उतरा, मग टेबलावर या."

"किती उतरू?"

"पंगतीला जायचे बंद करा. बाकीचे आपोआप उतरेल."

शस्त्रक्रियेनंतर मी वाटीभर अन्नावर जगेन आणि निम्मा होईन, हेही त्यांनी सांगितले. परदेशात काही सर्जन नुसत्या लठ्ठपणासाठी पोट आणि आतडी कापतात म्हणे. "तुम्हाला ते अल्सरच्या जोडीला वर मिळते आहे," असे म्हणून ते हसले. मी हसलो नाही. संमतिपत्रात 'आवश्यक वाटेल तितका भाग' असे मोघम शब्द होते. आवश्यक कोणाला वाटेल, याचा मी लेखी खुलासा मागितला.

"नाझरसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "पोट तुमचे आहे, सुरी माझी आहे. दोघांपैकी एकाने तरी विश्वास ठेवला पाहिजे."

मी सही केली. आयुष्यात न वाचता केलेली नव्हे, पण न भांडता केलेली ती माझी पहिलीच सही.

पंगती सोडून मी थोडा उतरलो आणि टेबलावर गेलो. त्यानंतरचे दिवस नाकात नळी, पोटावर टाक्यांची रांग आणि चमच्याने पाणी असे गेले. टाक्यांपेक्षा मला भेटायला येणाऱ्यांनी जास्त छळले. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. म्हणून ज्याचे जठर नुकतेच कापले आहे त्याच्या उशाशी साताऱ्याहून पेढे, शिरा आणि चकल्या येऊ लागल्या. अखेर मी खाटेला पुठ्ठा टांगला: या खाटेवरील इसमास खाद्यपदार्थ देणाऱ्याविरुद्ध योग्य ती कारवाई करण्यात येईल. लोक तो मोठ्याने वाचत, पोटभर हसत आणि पेढे माझ्या पत्नीच्या हातात देऊन जात. मला हसण्याची मनाई होती. टाके ओढले जात. या एका बाबतीत तरी मी सर्जनचा हुकूम तंतोतंत पाळला.

घरी आल्यावर पहिला पेढा मी चोरून खाल्ला. अर्ध्या घटकेत घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि मी माजघरात जमिनीवर आडवा झालो. गोड पदार्थ आता जठरात थांबत नाही, थेट आतड्यात उतरतो आणि असा गोंधळ करतो, हे सर्जननी आधीच सांगितले होते. त्या दिवसापासून माझे ताट गेले आणि बशी आली. थोडे थोडे, अनेकदा. काही महिन्यांत माझा काळा कोट माझ्यावर न बसता नुसता टांगल्यासारखा दिसू लागला. एक म्हातारे पक्षकार माझ्याच टेबलापुढे उभे राहून मला विचारू लागले,

"आवं, ते आदीचं मोठं नाझर कुठं गेलं?"

"मीच तो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "ऱ्हाऊ द्या. मी उद्या येतो."

मी हलका झालो होतो आणि मजेत होतो. जिना एका दमात चढत होतो. पत्रेही पूर्वीपेक्षा आखूड लिहीत होतो, असे पत्नी म्हणे. अशात माझ्या मुलीसाठी स्थळ आले.

मुलगा वडूजकडचा, शिकलेला, निर्व्यसनी. वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. मुलामुलीने एकमेकांना पाहिले होते, आणि आमची मुलगी, जी आधीच्या तीन स्थळांना नाक मुरडून बसली होती, ती या वेळी गप्प राहून हसली होती. सुभेदारांनी मला पूर्वी कधीतरी एका लग्नात जेवताना पाहिले होते. वाढपी दमले पण हा गडी दमला नाही, अशी आठवण ते सांगत. खाणारा माणूस मनाचा मोकळा असतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. लग्नाआधी मुलीच्या आईवडिलांनी आमच्याकडे जेवायला यावे, असा त्यांनी निरोप धाडला. त्या घरात जुनी चाल होती: लग्न झाले की मुलीचा बाप नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणीसुद्धा घेत नाही. म्हणून जे काही खिलवायचे ते आधीच, एकदाच आणि भरपूर.

मी पत्नीला म्हणालो, "शस्त्रक्रियेचे त्यांना आधी कळवतो. आजच पत्र टाकतो."

"खबरदार," ती म्हणाली. "पोट कापलंय म्हटलं की लोक कॅन्सरच समजतात. मग आपल्या मुलीला कोण करून घेईल?"

"लग्न हाही करारच आहे. महत्त्वाची गोष्ट दडवून केलेला करार टिकत नाही."

"तुमचा करार तुमच्या कोर्टात ठेवा. इथं माझी लेक आहे. सकाळी चालायला जातात म्हणून वाळले, एवढंच सांगायचं."

मी खोटे बोलणार नाही, विचारल्याशिवाय खरेही सांगणार नाही, अशी तडजोड झाली. आणि आम्ही वडूजच्या गाडीत बसलो.

सुभेदारांच्या सोप्यात पाट मांडले होते. चार वडीलधारे भाऊबंद पंगतीला होते. बायका आत दाराआड. माझ्यापुढे जे ताट आले त्यात तुपाने न्हालेल्या पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, भजी आणि दुधाची वाटी. पूर्वीच्या मला ते नुसते आमंत्रण वाटले असते. आताच्या मला तो गुळाचा खटला वाटला. मी पाव पोळी अगदी सावकाश खाल्ली, दोन घास भात घेतला आणि थांबलो.

"आवं नाझरसाहेब, जेवताय का चाखताय?" सुभेदारांनी स्वतःच्या हाताने आणखी दोन पोळ्या माझ्या ताटात टाकल्या. "मंडळी, ह्येच ते! चालून चालून वाळल्यात म्हनं, पन ह्यांनी वाढपी पळवून लावलं हुतं."

"आता पुरे, सुभेदार. अगदी उत्तम झाले आहे."

"पुरं? आजून सुरवात कुठं झालीया!"

दाराआडून विहीणबाईंचा आवाज आला. "पोळी करपली हाय का?"

"मुळीच नाही."

"मग पुरण आळणी झालंय?"

"अहो, पुरण फार छान आहे."

"मग खाईनात का?"

सुभेदार माझ्या ताटाकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "मला कळलं. पोरगी द्यायचं मन न्हाई तुमचं. मन नसलं की घास उतरत न्हाई मानसाला. ऱ्हाऊ द्या, जबरी न्हाई. हात धुवा."

हात धुवा म्हणजे सोयरीक मोडली, हे त्या सोप्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दाराच्या फटीतून पत्नीचा चेहरा दिसला; ती डोळ्यांनीच मला गप्प राहायला विनवत होती. मुलीचे ते हसू माझ्या डोळ्यांपुढे आले. आणि मग मला संताप आला. आजवर मी ज्यांच्यावर पत्रे लिहिली त्या सगळ्यांवर मिळून आला नव्हता इतका. माणूस जेवला नाही तर त्याचे पोट बिघडले असेल, असे या मुलखात कोणाच्या डोक्यात येत नाही. मनच बिघडले असणार!

"मी हात धुणार नाही!" मी ओरडलो. "कोणाचे म्हणणे न ऐकता निकाल कसा देता?" आणि मी भर पंगतीत सदरा वर केला.

छातीच्या खालपासून बेंबीपर्यंतचा व्रण सर्वांनी पाहिला. सुभेदार पाटावरून सरकत जवळ आले.

"ह्ये कुठं झालं?"

"सांगलीला. अल्सर होता. जठर कापून काढले आहे. चिमणीएवढे उरले आहे, त्यात तुमची पाव पोळी मावली, हाच तिचा सन्मान समजा."

"शिलाई ब्येस हाय," ते जाणकारपणे म्हणाले. "आमच्या लष्करी दाक्तरापरीस सरस. ह्यो माझा बगा," म्हणून ते मांडीवरची जखम दाखवायला धोतर सावरू लागले.

"आवं, पंगतीत धोतर वर करू नगा!" विहीणबाई दाराबाहेरच आल्या. मग माझ्याकडे वळून, डोक्यावरचा पदर नीट करत, त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची पत्नीला धास्ती होती. "पोरीला तर असलं काय न्हाई न्हवं?"

"विहीणबाई, अल्सर वारसाहक्काने मिळत नाही. मुलीला माझ्याकडून फक्त राग मिळाला आहे, आणि तो मी आधीच जाहीर करून टाकतो."

सुभेदार मोठ्याने हसले. "राग चालंल. आमच्या पोराला जरा वचक पायजेच."

पत्नीने दाराला टेकून श्वास सोडल्याचे मला ऐकू आले. पण विहीणबाई हलेनात. त्यांचे बोट ताटाकडे होते. "ते समदं खरं. पन ह्या ताटाचं काय? व्याही भरलं ताट टाकून उठला, तर गाव मला काय म्हनंल? आनि लगीन झाल्यावर तुमी पानीबी घेनार न्हाई."

त्यांची तक्रार रास्त होती. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बाईचा तो हक्कच होता.

"मी ताट टाकत नाही," मी म्हणालो. "मी फक्त तहकुबी मागतो. एका दिवसात सुनावणी पुरी झाली नाही, तर न्यायालय दावा फेकून देत नाही, पुढची तारीख देते. हे जेवण चालूच राहील. उरलेल्या पोळ्या मी याच घरी बसून खाईन, पावा-पावाने, जमेल तशा."

"म्हंजी तुमी ऱ्हानार?"

"आपली हरकत नसेल तर."

विहीणबाईंनी थोडा विचार केला आणि एक दुरुस्ती सुचवली: शिळी पोळी खाऊ घालणार नाही, आकडा तोच, पण पोळी दर खेपेला ताजी. ती मी तात्काळ मान्य केली. भाऊबंदांपैकी एकाने आपल्या ताटातली शेवटची पोळी उचलली आणि म्हणाला, "मग हिची तारीख आजच घ्या की," आणि खाऊन टाकली.

आम्ही चार दिवस राहिलो. सकाळी सुभेदार आणि मी विहिरीपर्यंत चालत जायचो, आणि प्रत्येक वेळी पोहोचेपर्यंत वाद घालायचो: युद्धांवर, कायद्यावर, एरंडेल तेलाच्या उपयोगावर. घरी परतून सोप्यात बसलो की मधूनच ते वाद थांबवून आत हाक मारत, "नाझरसाहेबांचं काम पुकारा!" आणि एका छोट्या बशीत पोळीचा चतकोर येई. पुरण मी बाजूला सारून नुसती कड खाई. ती ग्राह्य धरण्यात आली. निघताना विहीणबाईंनी हिशेब सांगितला, बऱ्याच पोळ्या शिल्लक आहेत.

लग्न थाटात झाले. त्यानंतर पहिल्यांदा मी मुलीला भेटायला वडूजला गेलो, तेव्हा ती उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी होती आणि तो द्यावा की न द्यावा, हे तिला समजत नव्हते. डोळे भरले होते. बापाला स्वतःच्या घरी पाणी देता येत नाही, या विचाराने तिने वाटेकडे डोळे लावून सकाळपासून काही खाल्ले नव्हते, असे मला मागाहून कळले. मी काही बोलण्यापूर्वीच आतून विहीणबाई म्हणाल्या,

"दे की पानी. लग्नाआदीचं जेवान आजून संपलं न्हाई. मदीच पानी पितंय मानूस, त्यात काय?"

मी तांब्या घेतला. आत जाऊन पाटावर बसलो. मुलीने पहिल्यांदाच स्वतःच्या चुलीवरची पोळी मला वाढली, चतकोर, तूप कमी, आणि मी खात असताना समोर बसून राहिली.

पुढे नातू झाला. चालीप्रमाणे आता मला उघड जेवायला मोकळीक होती, आणि ते जुने प्रकरण निकाली काढायला हरकत नाही, असे सुभेदार म्हणाले. विहीणबाई मात्र ऐकेनात. त्यांच्या मते अजून दीड पोळी बाकी होती.