डावा कौल आणि ग्रीसची बोट

रघुनाथ गेल्याची बातमी आली तेव्हा मी गाभाऱ्यात देवीला फुलं वाहत होतो. त्याचा शेजारी घाटी चढून वर आला, उंबऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "पांडू, रघू गेला. ताप होता ना, पहाटे अंग गार पडलं, ते पडलंच." हातातलं फूल हातातच राहिलं... त्या क्षणी मला रघूचा चेहरा आठवला नाही. आठवल्या त्या दोन तांबड्या पाकळ्या, आमच्या तरुणपणीच्या. आमच्याकडे पिढीजात गुरवकी. देवळातलं देवळात ठेवायचं, ही घरची शिकवण. ती मी पाळली, आणि सोयीची होती म्हणून जरा जास्तच पाळली. आता ज्याच्यापासून लपवायचं तोच उरला नाही.

रघू बंदरावर आगबोटीची तिकिटं द्यायचा. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा लोकांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले. ह्याने ग्रीक देवांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक उचललं आणि पुढे जन्मभर त्यातच राहायला गेला. इंग्रजी त्याला बेताचंच. अडलेलं तो चित्रांवरून आणि पदरचं घालून भरून काढायचा. संध्याकाळची बोट सुटली की आम्ही धक्क्याच्या टोकाला बसायचो. पाण्यावरचं ऊन हळूहळू विरघळत जायचं, क्षितिजावर ढग उठायचा, आणि रघू म्हणायचा, "तो बघ ऑलिंपस, देवांचा डोंगर. आज झ्यूस घरी दिसतोय, नाहीतर बाहेरच असतो." झ्यूसला तो खोत म्हणायचा. "सगळा गाव आपलाच समजतो मेला. घरी बायको हेरा दाराआड उभी. पण पाऊस त्याच्या हातात, बोलणार कोण?" त्या देवांना नैवेद्याचा नुसता धूर पोचतो, मांस माणसंच खातात, हे वाचल्यावर तो कितीतरी दिवस हसत होता. "आणि तू देवीपुढच्या नारळाचं भकल घरी नेताना लाजतोस, पांड्या." मी फारसा बोलत नसे. पण खरं सांगतो, त्या उजेडात मला कधी कधी लाटांवरून पांढरे घोडे धावताना दिसायचे. घरी परतताना पायाखालचा कातळही आपला वाटत नसे.

मग मुंबईच्या त्याच्या मामाने एका परदेशी बोटीच्या भांडारात कारकुनाची जागा बघितली. बोट सुएझवरून पुढे जाणारी, ग्रीसच्या बंदराला लागणारी. रघू दोन दिवस जमिनीवर नव्हता. त्याची आई मात्र म्हणाली, "देवीला विचारल्याबिगर पाऊल टाकायचं नाही." रघूला त्याचीही गंमतच. "डेल्फीला जायच्या आधी आपल्या डेल्फीला विचारू. तिथल्या देवळातली बाई धुरात बसून कौल देताना असं काही बोलते की राजाचं राज्य जातं, तरी बाई खरीच. आपली देवी बरी, एक पाकळी पाडते आणि मोकळी होते."

कौल आमच्याकडे असाच लावतात. ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी वडील आजारी होते, म्हणून पाकळ्या मी लावल्या. उजवी पाकळी मी पाण्यात चांगली बुडवली, अंगठ्याने दाबून बसवली. डावी नुसती टेकवली... ह्यापेक्षा जास्त काही केलं नाही, आणि ह्यापेक्षा जास्त करायला लागतही नाही. तो गेला असता तर धक्क्यावर मी कोणाबरोबर बसणार होतो? एवढाच विचार मनात होता. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावी पडली. रघूने नमस्कार केला आणि मामाला नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने डिमिटर ह्या धान्याच्या देवीच्या लेकीची गोष्ट सांगितली. पाताळाच्या राजाने तिला पळवून नेलं. आई न्यायला आली, पण तोवर पोरीने त्याच्या हातचे डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते, म्हणून दर वर्षी परत तिथेच जाणं आलं. "राजाला मी नावं ठेवत नाही," रघू पाण्याकडे बघत म्हणाला. "एकटा होता बिचारा." त्याला कळलं होतं का, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य मला कधी झालं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी त्याच्या आईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. काकी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मूठभर तांदूळ सुपात पुढे ओढले. मग म्हणाली, "तू पाकळ्या लावत होतास तेव्हा मी मनात काय मागत होते, ठाऊक आहे? डावाच दे म्हणून." मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तिने वर बघितलं. "पण मी मागितलं हो. तू देवीचा हात धरलास." मी उठायला लागलो तशी म्हणाली, "उद्यापासून तिन्हीसांजेला येत जा. तो मला रोज एक गोष्ट सांगायचा. त्याचे देव तुलाच ठाऊक."

तेव्हापासून जातो. मी नावं चुकतो, काकी सुधारते. "हेरा अशी गप्प बसायची नाही. रघू तिला चांगली भांडायला लावायचा." परवा मी त्या दर्यावर्दी राजाची गोष्ट सांगत होतो, लढाई संपवून वर्षानुवर्षं समुद्रावर भटकणाऱ्या. तो अखेर आपल्या गावच्या किनाऱ्याला लागला, तिथे काकीने मला थांबवलं.

"आई होती का रे त्याची घरी? रघूला विचारलं की तो विषय बदलायचा."

धक्क्यावर बसून रघूने ते मला केव्हाच सांगितलं होतं. हो म्हणणं सोपं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं.

"नव्हती काकी," मी म्हणालो. "वाट बघून बघून आधीच गेली होती."

काकीने सुपातला एक खडा शोधून बाहेर टाकला.

"म्हणजे तिने जाऊ दिलंन होतं त्याला," ती म्हणाली. मग सूप पुन्हा मांडीवर सारखं केलं. "हं. पुढे सांग."